खुंटीवरचा तांब्या

१

दीनानाथ देवस्थळी नाहीसे झाले होते.

तसे ते जानेवारीतच गेले होते. लेस्टरच्या हॉस्पिटलात, रीतसर, डॉक्टरांच्या सहीनिशी. पण नोव्हेंबरातल्या या सकाळी साडेसहाला ते पुन्हा गेले, आणि या खेपेला कुणाची सहीबिही न घेता.

"वहिनी! अहो वहिनी, उठा! दादा जागेवर नाहीये!"

धाकट्या दिराची, शशिकांतची, ही आरोळी ऐकून सुनीतीबाई पलंगावर ताडकन उठून बसल्या. बाहेर वारा कालपासून जो सुटला होता तो थांबायचं नाव घेत नव्हता. कुठलंसं दार आपटत होतं. खाली बुंदी, म्हणजे त्यांच्या मुलाची ठिपक्याठिपक्यांची कुत्री, जिन्यापासून दारापर्यंत आणि दारापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

शाल गुंडाळून, टॉर्च घेऊन त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. अंगणाच्या टोकाला एक दगडी खोपटं होतं. पूर्वी त्यात पीट ठेवायचे, म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती. खोपट्याच्या तुळईला एक लोखंडी खुंटी होती. काल संध्याकाळी त्या खुंटीला तांब्याचा एक तांब्या टांगलेला होता, लाल फडक्यानं तोंड बांधलेला, आणि त्या तांब्यात दीनानाथांच्या अस्थी होत्या.

आता नुसती खुंटी होती.

"काल झोपताना बघून गेलो मी," शशिकांत म्हणाले. "चहा ठेवायच्या आधी दादाला नमस्कार करावा म्हणून आलो, तर हे!"

दहा महिने जपलेला माणूस! अस्थी घरात आणायच्या नाहीत, ही देवस्थळ्यांकडची रीत. गावाकडे झाडाला टांगतात. लेस्टरच्या त्यांच्या घराला झाड नव्हतं, म्हणून इतके दिवस तो तांब्या गॅरेजमधल्या खिळ्याला लटकत होता. वर्षाच्या आत विसर्जन व्हायला हवं आणि ते इथंच व्हायला हवं, असं खुद्द दीनानाथ सांगून गेले होते. बॉयलरचे इंजिनिअर होते ते. ऐन तारुण्यात इथल्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात तीन आठवडे काम करून गेले, आणि तेव्हापासून दर वर्षी म्हणायचे, "सुनीती, तुला त्या बेटावर नेणार." बेटाचं नाव आयला. "जिथं पत्ता सांगताना शिवी हासडल्याचं समाधान मिळतं, अशी जगात दुसरी जागा नाही," हेही दर वर्षी म्हणायचे. नेलं मात्र कधीच नाही.

म्हणून आता बाईच त्यांना घेऊन आल्या होत्या. आज दुपारी पावणेतीनला ओहोटी लागणार होती. उद्या सकाळच्या फेरीबोटीनं परत निघायचं होतं. म्हणजे जे काही करायचं ते आजच, आणि करायला तर माणूसच हातात नव्हता!

"चोरी आहे ही, वहिनी. सरळ पोलिसांना फोन करा."

"थांबा हो भाऊजी. आधी बघू तरी द्या."

मान वर करून त्यांनी त्या खुंटीकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खुंटीला सुतळी अजून तशीच लोंबत होती.

२

सुनीतीबाईंनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काढली होती. काचपट्टीवरचा एक ठिपका बघून माणसाला काय झालंय ते सांगायचं, असं ते काम. तिथं त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. जे दिसतं ते आधी लिहायचं, जे वाटतं ते नंतर.

त्यांनी मुलाला हाक मारली. प्रणव अंगावर शर्ट आणि वर रेनकोट चढवून आला, केस विस्कटलेले, डोळे लाल. सहा फुटी गडी, मिल्टन कीन्सला आयटीत नोकरी. बापाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी या पोरानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. फोनवर फुलांची ऑर्डर देत उभा होता. बाईंना ते लागलं होतं, अजून लागत होतं.

"ती सुतळी काढ बरं."

त्यानं नुसता हात वर केला आणि सुतळी काढून दिली. कालही तांब्या त्यानंच टांगला होता. बाकी कुणाचा हात तिथवर पोचतच नव्हता. सुतळी अख्खी होती, कुठं कापलेली नाही, तुटलेली नाही. सुनीतीबाईंनी बांधलेली निरगाठ पाण्यानं फुगून दगड झालेली असणार, आणि ती कुणीतरी नखांनी उकरून, न चिडता, सावकाश सोडवली होती.

"कात्रीनं एका सेकंदाचं काम," त्या पुटपुटल्या. "चोराला एवढी सवड कुठली?"

"आई, तू आत चल ना. किती थंडी आहे," प्रणव म्हणाला.

"थंडीचं काय घेऊन बसलास! बाप हरवलाय तुझा."

त्यानं मान खाली घालून रेनकोटची चेन ओढली.

जमिनीवर चिखल होता. त्यात कालचे त्यांचे सगळ्यांचे बूट उमटलेले होतेच, पण एक जोडी वेगळी होती. गमबुटांची, मोठ्या मापाची, ताजी. दारातून आत येणारी, कोपऱ्यापर्यंत जाणारी, आणि तिथून परत फिरणारी. त्या कोपऱ्यात भिंतीतला एक दगड उपटून खाली ठेवलेला होता आणि त्यामागे हातभर खोल पोकळी होती, रिकामी.

"अर्ची!" शशिकांत ओरडले. "तो शेजारचा म्हातारा! मी पहाटे खिडकीतून पाहिला त्याला. टॉर्च घेऊन, कोटाखाली काहीतरी लपवून चालला होता. मला वाटलं अंडी असतील. आता सांगा, आहे की नाही चोरी?"

खरं तर कॉटेजची मालकीण ईशबेल हिनं काल सांगितलंच होतं. हे घर पूर्वी कारखान्याच्या कामगाराचं, आणि तो कामगार म्हणजे हाच अर्ची. गुदामात पिंपं हलवण्यात आयुष्य गेलं त्याचं. बायको गेल्यावर घर विकून तो पलीकडच्या दोन खोल्यांत राहायला गेला होता.

"जाऊ त्याच्याकडे," सुनीतीबाई म्हणाल्या. "पण त्याआधी भाऊजी, तुमची बॅग उघडा."

शशिकांतचा चेहरा पांढराफटक पडला.

३

कारण काल संध्याकाळी भांडण झालं होतं, आणि चांगलं कडाक्याचं झालं होतं.

कॉटेज होतं मोठं गोजिरं. जाड दगडी भिंती, लोखंडी शेगडी, आणि दारातच पाटी: कुत्र्यांचं स्वागत आहे, माणसांनी पाय पुसून यावं. बुंदीसाठी टोपली, बुंदीसाठी तीन टॉवेल, बुंदीसाठी बिस्किटांची बरणी. सोफ्यावर चढायची लेखी परवानगी. प्रणवनं आल्या आल्या शेगडी पेटवली, खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्र लावलं, मग खोपट्याची भिंत हातानं चाचपून आला आणि म्हणाला, "आई, तिकडे खूप वारा लागतो. ड्राफ्ट आहे."

तेव्हा शशिकांत भडकले. इल्फर्डला चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेला माणूस, बोलताना शब्द मोजून द्यायचा. पण काल मापच राहिलं नाही. "बघा वहिनी! कुत्रीला सोफा, आणि दादाला खुंटी! नाशिकला नेलं असतं, रामकुंडात सोडलं असतं, तर ही वेळ आली नसती. अजूनही माझं ऐका. माझ्याकडे द्या, मी नेतो."

"अस्थी घरात आणत नाहीत, हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलंत, भाऊजी. आणि ते कुठं जाणार हे त्यांनी ठरवलंय, तुम्ही नाही."

एवढं बोलून बाईंनी विषय संपवला होता. म्हणूनच मघाशी खोपट्यापाशी सून ऋजुता हळूच त्यांच्या कानाशी लागली होती, "आई, काल काकांची बॅग मी उचलली ना, तर आत काहीतरी धातूचं खणखणलं."

शशिकांतनी बॅग उघडली. खांदा आखडल्यामुळे उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, झाकणही डाव्या हातानं उचलावं लागलं. स्वेटरांच्या घडीत, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तांब्याचं चमकलं. ऋजुतानं तोंडावर हात ठेवला.

पण तो मूठभर उंचीचा, झाळून बंद केलेला गडू होता. गंगेचा.

"दादाच्या तोंडात शेवटी घालायचा राहून गेला," शशिकांत म्हणाले. "पोचलोच नाही ना मी वेळेवर. म्हटलं, इथल्या पाण्यात तरी ओतावा. काल एवढा भांडलो, मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

सुनीतीबाईंना भरून आलं. "मला माफ करा भाऊजी. मी विचारायला नको होतं." मनात मात्र त्या लॅबमधल्यासारखी नोंद करत होत्याच. या माणसाचा हात खुंटीपर्यंत जाणं शक्य नाही. खोपट्यात चढायला स्टूल नाही, खोकं नाही. ऋजुता तर त्यांच्याही खांद्याला लागते.

"मग उरला तो अर्ची," शशिकांत नाक पुसत म्हणाले. "तो ताडमाड उंच आहे."

"चला," सुनीतीबाई म्हणाल्या. "प्रणव, गाडी काढ. दोन-तीनशे पावलं आहेत, पण माझे गुडघे आज ऐकायचे नाहीत."

"चालत जाऊया ना आई," प्रणव घाईनं म्हणाला. "मी हात धरतो तुझा."

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मिल्टन कीन्सचा माणूस, कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा गाडी काढणारा! पण वाऱ्यानं दार पुन्हा आपटलं, बुंदी भुंकली, आणि तो विचार तिथंच राहिला.

४

अर्ची दारातच उभा होता, जणू यांचीच वाट बघत. ऐंशीचा असेल. वाऱ्यानं रापलेला चेहरा, निळे डोळे. शशिकांतनी दादाच्या अस्थींवरून इंग्रजीत आवाज चढवला, तसा त्यानं शांतपणे हात वर केला.

"खोपट्यात गेलो होतो, खरंय," तो म्हणाला. "लाज वाटते सांगायला. आत या."

टेबलावर तांब्याची एक नळी पडली होती. हातभर लांब, एक टोक बंद, दुसऱ्याला बूच.

"पँटच्या पायात लपवून यातून व्हिस्की आणायचो गुदामातून. सगळेच आणायचे," अर्ची सांगू लागला. "घरात मात्र एक थेंब ठेवायचा नाही, हा बायकोचा नियम. बाहेरच्या पापानं बाहेरच राहायचं. म्हणून भिंतीत. काल तुम्ही लोक खोपट्यात ये-जा करताना दिसलात. म्हटलं, दगड कुणी हलवला तर म्हातारपणी चोर ठरायचो. पाच वाजता जाऊन घेऊन आलो."

"तेव्हा खुंटीला काही होतं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"टॉर्च मारला होता मी. नुसती दोरी लोंबत होती."

"खोटं!" शशिकांत म्हणाले. "मी पोलिसांनाच बोलावतो. बघू दे झडती त्यांना."

अर्चीचा चेहरा उतरला. एवढंसं बेट, एक पोलीस, चार दुकानं. संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं असतं, की पाहुण्यांच्या मेलेल्या माणसाला अर्चीनं चोरलं.

सुनीतीबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती, उरलेली सांध्यांत सुजून वाकलेली. "पिंपाखाली सापडली," अर्ची म्हणाला. "बुटांची नाडीसुद्धा बांधता येत नाही, म्हणून गमबूट."

"भाऊजी, फोन ठेवा," बाई म्हणाल्या. "या हातांनी माझी निरगाठ सुटायची नाही. आणि यांची पावलं कोपऱ्यात गेली आहेत, खुंटीखाली नाहीत. मी अर्चींची माफी मागते, तुम्हीही मागा."

शशिकांतनी मागितली, कुरकुरत. अर्चीनं मान हलवली आणि म्हणाला, "ओहोटी पावणेतीनला लागेल. वाळूच्या उजवीकडून सोडा, तिथून पाणी सरळ बाहेर जातं. तोवर सापडोत तुमचे साहेब."

आईचा हात धरून सोबत आलेल्या प्रणवनं या सगळ्या वेळात एक शब्द उच्चारला नव्हता. पण अर्चीच्या हातांकडे बघताना त्याचा चेहरा असा काही झाला होता, की बाईंना वाटलं, हा आत्ता काहीतरी बोलेल. तो बोलला नाही.

५

घरी येऊन सुनीतीबाई शेगडीपाशी बसल्या, पण बसवेना. उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. अकरा वाजले. बारा वाजले. शशिकांत आणि प्रणव कुंपणालगत, नाल्यात, वाळूवर शोधत होते. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं.

पाच वाजायच्या आधी. उंच हात. बोटं धड. गाठीवर चिडला नाही असा माणूस.

उत्तर कधीचं समोर उभं होतं. पण ते काचपट्टीवर दिसत असूनही त्यांना वहीत लिहवत नव्हतं, कारण त्यात कारण बसत नव्हतं. कशासाठी?

"ऋजुता, प्रणवचा स्वेटर कुठं आहे गं? चॉकलेटी. मी ह्यांच्यासाठी विणलेला. काल गाडीत त्यानं घातला होता."

"हो ना, मीही तेच विचारलं सकाळी. म्हणाला, सापडत नाहीये." ऋजुता चहा गाळता गाळता थांबली. "आई, तो रात्री नीट झोपलाच नाही. दोनदा उठून खाली गेला. आणि त्याचा फोन! रात्रभर टिंग टिंग. शेवटी मी उशीखाली दाबून ठेवला."

"आता कुठंय फोन?"

"तिथं, चार्जिंगला."

बाई टेबलाशी गेल्या. कुणाच्या फोनमध्ये डोकावणं त्यांना पसंत नव्हतं, पण डोकावायची गरजच पडली नाही. त्या पोचल्या आणि फोन स्वतःहूनच उजळला. त्यांच्या विजेच्या गाडीचा निरोप होता. बॅटरी त्रेचाळीस टक्के. आतलं तापमान एकवीस अंश.

काल पाच वाजता गाडी लावताना प्रणव मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "एकाहत्तर टक्के आहे. टू डेज आरामात." त्यानंतर गाडी जागची हलली नव्हती. चालत जाऊया ना आई.

"ऋजुता, या गाडीत माणूस नसताना हीटर चालू राहतो?"

"राहतो की. कुत्र्यासाठी असतो ना तो मोड. बुंदीला आत ठेवून आम्ही शॉपिंगला जातो तेव्हा लावतो. आत ऊब राहते, आणि स्क्रीनवर मेसेज येतो, म्हणजे लोक काच फोडत नाहीत."

"आणि बुंदी काल रात्री कुठं होती?"

"आमच्या पायांवर. का हो?"

सुनीतीबाईंच्या डोळ्यांपुढे लेस्टरचं गॅरेज आलं. फेब्रुवारीत प्रणवनं तिथं एक हीटर आणून लावला होता. "ओल येते, आई," म्हणाला होता. त्यांना वाटलं होतं, वॉशिंग मशीनसाठी.

त्यांनी शाल उचलली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे निघाल्या.

६

गाडी घराच्या आडोशाला, भिंतीला नाक लावून उभी होती. पुढच्या काचेवर चंदेरी आच्छादन घातलेलं. प्रणव तिथंच होता, गाडीकडे पाठ करून, पहाऱ्यावर असल्यासारखा.

"उघड," आई म्हणाली.

त्यानं उघडली. मागच्या बाजूला बुंदीची जाळीची पेटी होती. तिच्यात, चॉकलेटी स्वेटरात गळ्यापर्यंत गुंडाळलेला, लाल फडक्याचा तांब्या. आत छान ऊब होती. पुढच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटलं होतं: काळजी करू नका. आत एकवीस अंश आहे. माझा माणूस येतोच आहे.

सुनीतीबाईंनी वाकून त्या स्वेटरवरून हात फिरवला.

"घरात नाही आणला," प्रणव म्हणाला. "तुझा रूल मोडला नाही, आई. गाडी म्हणजे घर नाही ना."

"नाही."

"पाचच्या आधी परत टांगणार होतो. झोप लागली. मग काकांनी ओरडाओरडा केला, मग चोरी, मग पोलीस. त्या अर्चीला केवढा बोलले. माझा चूक आहे सगळा."

एरवी त्यांनी त्याचं मराठी तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतं. आज नाही केलं.

"अरे पण का?"

प्रणवनं गाडीच्या दारावर हात टेकला. "बाबांनी मला फोन केला होता. त्या दिवशी. तू घरी आंघोळीला गेली होतीस तेव्हा. मी मीटिंगमध्ये होतो. म्हणाले, प्रणव, थंडी वाजतेय रे. मी म्हटलं, बाबा, नर्सला सांगा ना, ब्लँकेट मागा, मी दहा मिनिटांत कॉल करतो." त्यानं तांब्याकडे पाहिलं. "दहा मिनिटांचे दोन तास झाले. मग तुझाच फोन आला. ते लास्ट होतं आई, माझ्याशी. थंडी वाजतेय. आणि तू त्यांना गॅरेजमध्ये टांगलंस. आणि इथं त्या वाऱ्यात. काका म्हणाले ना, कुत्रीला सोफा. मला झोपच येईना."

आणि सहा फुटी, फुलांची ऑर्डर देणारा, टिपूस न काढणारा तो मुलगा आईच्या खांद्यावर वाकून हमसाहमशी रडायला लागला. दहा महिन्यांचं साचलेलं होतं, ते असं सहजी थांबणार नव्हतं. सुनीतीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रागवावं असं खूप काही होतं. बिचारा अर्ची, भाऊजींची बॅग, अख्खी सकाळ. पण त्यांना स्वतःचाच राग आला होता. तीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त वाचलं, आणि पोटच्या पोराला दहा महिने चुकीचं वाचत बसल्या.

"आता बाहेर काढू?" त्यानं नाक पुसत विचारलं. "परत टांगू खुंटीला?"

"काही नको," बाई म्हणाल्या. "ओहोटीपर्यंत बसू दे त्यांना आत. चालू राहू दे हीटर."

पावणेतीनला सगळे वाळूवर उतरले. वारा आता कानात नुसता घोंगावत होता, शेजारच्या माणसाला हाक मारायची तरी ओरडावं लागे. अर्ची गमबूट घालून आला होता, आणि प्रणवनं सगळ्यांदेखत त्याच्यापुढे जाऊन, मान खाली घालून, जे सांगायचं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, उरलेल्या तीन बोटांनी त्याचा दंड दाबला, आणि कोटातून ती तांब्याची नळी काढली. "तळाशी थोडी आहे अजून," म्हणाला. शशिकांतनी गंगेचा गडू फोडून पाण्यात ओतला, मग अर्चीच्या नळीकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "ओता. दादाला आधी काय हवं असतं ते मला माहीत आहे."

सुनीतीबाईंनी फडकं सोडलं आणि तांब्यात हात घातला. जानेवारीत त्या दिवशी त्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा दीनानाथांचा हात गार पडला होता; ते गारपण इतके महिने त्यांच्या तळव्यात राहिलं होतं. आज राख कोमट लागली.

"प्रणव," त्या ओरडल्या. "हात घाल. बघ."

त्यानं हात घातला. मग दोघांनी मिळून मूठ मूठ सोडली, उजवीकडून, अर्चीनं सांगितल्याप्रमाणे. पाण्यानं ती सरळ बाहेर नेली.

परत येईपर्यंत बाईंचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि दात वाजत होते. गाडीचं दार उघडलं. रिकाम्या गाडीत अजून तशीच ऊब होती, आणि स्क्रीनवर अजून तेच: माझा माणूस येतोच आहे. प्रणवनं बंद करायला बोट पुढे केलं.

"राहू दे," सुनीतीबाई म्हणाल्या. "मला थंडी वाजतेय रे."

फोन खिशात वाजत होता. प्रणवनं तो बघितलाही नाही. पेटीतला चॉकलेटी स्वेटर काढून त्यानं आईच्या डोक्यातून घातला, एकेक बाही नीट ओढून दिली, आणि तिचे गार पडलेले दोन्ही हात आपल्या हातांत धरून बसला.